सार्वजनिक चार्जिंग केंद्राचं अनुदान: आधी जागा, मग वीज, शेवटी मशीन

चार्जिंग केंद्र टाकायचं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मशीनवर सबसिडी किती मिळते?’ उत्तर सुरुवातीलाच सांगतो. महामार्गालगतच्या तुमच्या खासगी जागेत चार्जर बसवला, तर केंद्र सरकारच्या सध्याच्या योजनेत खुद्द मशीनवर काही मिळत नाही. मदत आहे ती मशीनपर्यंत वीज आणण्याच्या खर्चाला: ट्रान्सफॉर्मर, केबल, ब्रेकर, चौथरा वगैरे. ही मदत छोटी नाही. पण ती कशाला आहे हे न कळल्यामुळे लोक आधी मशीनची ऑर्डर देतात, आगाऊ पैसे भरतात आणि मग अनुदानाचा अर्ज शोधत फिरतात. खरा क्रम याच्या उलट आहे.

हा लेख महाराष्ट्रातल्या नवख्यांसाठी आहे. ढाबा किंवा हॉटेल चालवणारे, रस्त्याकडेला जागा असलेले शेतकरी, सोसायटीचे पदाधिकारी, ग्रामपंचायतीचे सदस्य यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय.

जागा कोणाची, यावर टक्केवारी ठरते

केंद्र सरकारची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. एकूण तरतूद १०,९०० कोटी रुपयांची, त्यातले २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी राखलेले. योजना अवजड उद्योग मंत्रालयाची असून तिची मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवली आहे. चार्जिंगबद्दलच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये आल्या. त्यांत जागेनुसार तीन गट पाडले आहेत.

पहिल्या गटात सरकारी आवारं येतात: कार्यालयं, सरकारी वसाहती, रुग्णालयं, शिक्षणसंस्था. इथे वीज आणण्याच्या खर्चावर आणि चार्जरवर, दोन्हींवर १०० टक्के मदत आहे. अट एकच, केंद्र सर्वसामान्यांसाठी खुलं हवं. दुसऱ्या गटात सरकारच्या किंवा सार्वजनिक कंपन्यांच्या ताब्यातली वर्दळीची ठिकाणं: रेल्वे स्थानकं, विमानतळ, एसटी स्टँड, मेट्रो स्थानकं, महापालिकेचे वाहनतळ, सरकारी तेल कंपन्यांचे पेट्रोल पंप, टोलनाके. तिथे वीजयंत्रणेवर ८० टक्के आणि चार्जरवर ७० टक्के. तिसऱ्या गटात शहरातले रस्ते, मॉल, बाजार संकुलं, महामार्गालगतच्या इतर जागा. इथे वीजयंत्रणेवर ८० टक्के आणि चार्जरवर शून्य. बॅटरी बदलून देणाऱ्या केंद्रांनाही वीजयंत्रणेवर ८० टक्केच.

म्हणजे तुमचा ढाबा तिसऱ्या गटात येतो. तुमच्या ग्रामपंचायतीचं आवार किंवा गावातलं सरकारी रुग्णालय मात्र पहिल्या गटाच्या दिशेने विचार करण्याजोगं आहे. माझं स्पष्ट मत सांगतो. गावात एखादी सरकारी जागा रस्त्याला लागून असेल, तिथे दिवे आणि स्वच्छतागृह असेल, तर चार माणसांनी मिळून त्या जागेसाठी प्रस्ताव जावा म्हणून मागे लागावं. स्वतःच्या जागेत कर्ज काढून मशीन बसवण्यापेक्षा गावाचा फायदा त्यात जास्त आहे.

ही टक्केवारी तुमच्या प्रत्यक्ष बिलावर निघत नाही, हेही ध्यानात ठेवा. सरकारने आधारभूत किंमत ठरवून दिली आहे आणि मदत तिच्याच मर्यादेत मिळते. ५० किलोवॉटपर्यंतच्या चार्जरसाठी वीजयंत्रणेची आधारभूत किंमत ६.०४ लाख रुपये धरली आहे. तिचे ८० टक्के म्हणजे साधारण ४ लाख ८३ हजार. समजा तुमची जागा लाइनपासून लांब आहे आणि खर्च नऊ लाखांवर गेला. मदत तीच राहील, वरचे जवळपास सव्वाचार लाख तुमचे. ५० किलोवॉटच्या सीसीएस-२ (मोटारींच्या वेगवान चार्जिंगचा प्लग) चार्जरची आधारभूत किंमत ७.२५ लाख आहे. तिसऱ्या गटात हा खर्चही पूर्ण तुमचाच.

आता वीज, आणि इथे घाई करू नका

चार्जिंग केंद्राचं यशापयश मशीनच्या आधी डीपीवर, म्हणजे परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर ठरतं. रस्त्याकडेच्या जागेजवळ डीपी दिसला की लोकांना वाटतं, काम झालं. आधी तो डीपी कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या वाहिनीवर) आहे ते विचारा. शेतीच्या फीडरवर असेल तर वीज ठरावीक तासच येते, कधी दिवसा तर कधी रात्री. चार्जिंग केंद्राला चोवीस तास पुरवठा लागतो, म्हणून गावठाण फीडर किंवा औद्योगिक फीडर किती लांब आहे ते बघावं लागतं. हे अंतर म्हणजेच तुमचा खर्च. लाइनमनला विचारलं तर तो पाच मिनिटांत सांगतो. पण नंतर सेक्शन ऑफिसच्या सहाय्यक अभियंत्याकडून कागदावर घ्या.

दुसरी गोष्ट डीपीची क्षमता. गावाकडे ६३ आणि १०० केव्हीएचे डीपी सर्रास असतात आणि त्यांवर आधीच घरं, दुकानं, पीठगिरण्या असतात. ६० किलोवॉटचा एक चार्जर जोडला की असा डीपी गुदमरतो. मग नवा डीपी बसवावा लागतो. या नव्या डीपीचा खर्चच अनुदानाच्या ‘वीजयंत्रणा’ या शीर्षकाखाली येतो. म्हणून अंदाजपत्रकात ट्रान्सफॉर्मर, उच्चदाब व लघुदाब केबल, वितरण पेटी, सर्किट ब्रेकर, आयसोलेटर, संरक्षक उपकरणं, कुंपण आणि बांधकाम या बाबी वेगवेगळ्या ओळींत दाखवायला सांगा. ‘इलेक्ट्रिक काम – एकरकमी’ असं एका ओळीचं कोटेशन पुढे कोणीही तपासू शकत नाही.

तुमच्या बाजूचे काही नियम मात्र माहीत असू द्या. चार्जिंग केंद्र चालवणं म्हणजे विजेची पुनर्विक्री नव्हे, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. त्यासाठी वीज वितरणाचा परवाना लागत नाही आणि कुणीही केंद्र सुरू करू शकतं. मंत्रालयाच्या १७ सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५० किलोवॉटपर्यंतची जोडणी लघुदाबावर देता येते. तेवढ्यासाठी उच्चदाब जोडणीचा खटाटोप सुरुवातीलाच अंगावर घेण्याची गरज नाही. नवी जोडणी देण्याची मुदतही ठरलेली आहे: महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७, ग्रामीण भागात १५ आणि डोंगराळ भागात ३० दिवस. पण ही मुदत असलेल्या यंत्रणेवरून जोडणी देता येत असेल तेव्हाची. नवी लाइन ओढायची, नवा डीपी उभा करायचा, तर वेळ जास्त लागणार. तुमच्या आराखड्यात तो वेळ धरा.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात अर्ज महावितरणकडे जातो. मुंबईत तुमचा भाग बेस्ट, अदानी की टाटा पॉवरकडे आहे ते वीजबिलावरूनच कळेल. अर्ज करताना ‘ईव्ही चार्जिंग स्टेशन’ हाच वापर लिहा. हॉटेलच्या व्यापारी मीटरवरून वायर ओढून चार्जर चालवणं सोपं वाटतं, पण मग प्रत्येक युनिट व्यापारी दराने पडतं आणि चार्जिंगसाठी असलेला वेगळा दर हातचा जातो. मंजूर भार ओलांडल्याची भानगड वेगळीच. स्वतंत्र मीटर घ्याच.

दराबद्दल ऊर्जा मंत्रालयाच्या त्याच २०२४ च्या सूचनांत म्हटलं आहे की, सार्वजनिक केंद्रांना दिल्या जाणाऱ्या विजेचा दर ३१ मार्च २०२८ पर्यंत एकेरी (वेगळा स्थिर आकार न लावता फक्त युनिटवर) असावा आणि तो पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून अधिक नसावा; सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरतासांत त्या खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट धरावा. प्रत्यक्ष दर ठरवतो तो राज्याचा विद्युत नियामक आयोग. म्हणून लागू दरपत्रकाचं चार्जिंगचं पान छापून फाइलला लावा. स्थिर आकार आहे का, किती आहे आणि दिवसाच्या कोणत्या तासाला काय दर पडतो, या तीन गोष्टी त्यात शोधा. दुपारी आणि रात्रीच्या दरात इतका फरक असेल, तर तुम्हीही ग्राहकाला दुपारी स्वस्त आणि रात्री महाग असा दर लावायला हवा.

केंद्र सरकारकडे पोचायचं कसं

पीएम ई-ड्राइव्हसाठी तुम्ही किंवा मी थेट अर्ज करू शकत नाही, हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. केंद्रीय मंत्रालयं, राज्य सरकारं आणि सार्वजनिक कंपन्या आपापल्या भागातली मागणी एकत्र करतात, जागा निश्चित करतात आणि प्रस्ताव पाठवतात. योजनेची अंमलबजावणी करणारी संस्था म्हणून भेल या सरकारी कंपनीकडे काम आहे. चार्जिंगच्या बाबतीत महाराष्ट्राची समन्वय यंत्रणा महावितरण आहे. तुमचं पहिलं पत्र म्हणूनच महावितरणच्या मंडल कार्यालयाला जायला हवं: ‘अमुक ठिकाणी एवढी जागा आहे, एवढ्या भाराचं केंद्र उभारण्याची तयारी आहे, आपल्या प्रस्तावात या जागेचा विचार व्हावा.’ सोबत जागेचा नकाशा, अक्षांश-रेखांश, रस्त्याचा क्रमांक आणि जवळच्या डीपीची माहिती जोडा. पोच घ्या.

जागा निवडताना प्राधान्य कशाला, हेही सूचनांत आहे: दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं, स्मार्ट सिटी, महानगरांना जोडलेली उपनगरी शहरं, राज्यांच्या राजधान्या, वर्दळीचे राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग. पुणे–बंगळूर किंवा मुंबई–गोवा महामार्गावरच्या जागेचं वजन आडवाटेच्या जागेपेक्षा जास्त पडणार हे उघड आहे. पत्रात रस्त्याचा उल्लेख ठळक करा.

दुसरा मार्ग म्हणजे चार्जिंग केंद्रं चालवणाऱ्या कंपनीला जागा देणं. मशीन त्यांचं, देखभाल त्यांची, तुम्हाला भाडं किंवा प्रत्येक युनिटमागे वाटा. अनुदानाचा व्याप तेच सांभाळतात. करारात मात्र तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: वीजजोडणी कोणाच्या नावावर, करार संपल्यावर डीपी आणि केबल कोणाची आणि अनुदानाची रक्कम कोणाच्या खात्यात. या तीन ओळी नसलेल्या करारावर सही करू नका. वाट्याचा दर ठरवताना एक आधार आहे. सरकारी जमिनी चार्जिंगसाठी देताना प्रति युनिट किमान १ रुपया महसूल वाटा धरावा, असं केंद्र सरकारच्या सूचना सांगतात. खासगी जागेला हा दर बंधनकारक नाही, पण बोलणी कुठून सुरू करायची ते त्यातून कळतं.

पैसे हाती येण्याबद्दल वास्तव सांगतो. अनुदान दोन हप्त्यांत सुटतं, ७० टक्के आणि ३० टक्के. दुसरा हप्ता केंद्र प्रत्यक्ष सुरू होऊन राष्ट्रीय पातळीवरच्या एकत्रित चार्जिंग प्रणालीला जोडल्यानंतर. तोवर पैसा तुमचा किंवा बँकेचा अडकलेला असतो. अनुदान अजिबात आलं नाही असं धरून महिन्याचा हप्ता पेलतो का, हे कागदावर मांडून बघा. पेलत नसेल तर लहान भारापासून सुरुवात करा.

राज्याचं धोरण आणि फिरत असलेली जुनी माहिती

व्हॉट्सअॅपवर अजूनही एक आकडा फिरतो: ‘फास्ट चार्जरला महाराष्ट्र सरकार पाच लाख देतं.’ तो २०२१ च्या राज्य धोरणातला आहे. त्यात पहिल्या ५०० मध्यम व वेगवान चार्जरना खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५ लाख आणि पहिल्या १५,००० मंद चार्जरना ६० टक्के, कमाल १०,००० रुपये अशी तरतूद होती. त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. तो आकडा सांगून कुणी मशीन विकत असेल तर त्याच्याकडे शासन निर्णयाची प्रत मागा.

सध्याचं राज्य धोरण मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी मंजूर केलं. ते २०३० पर्यंत आहे आणि त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय उभी राहावी हे त्यातलं उद्दिष्ट. चार्जिंग केंद्र उभारणाऱ्यांना मदत आहे ती व्यवहार्यता तफावत निधीच्या रूपात, म्हणजे प्रकल्प आर्थिकदृष्ट्या उभा राहायला जेवढं कमी पडतं तेवढा भाग, ठरावीक मर्यादेत. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच आहे. तो डाउनलोड करून स्वतः वाचा. एजंटच्या सारांशावर विसंबू नका. एकाच कामासाठी केंद्र आणि राज्य अशी दोन्हीकडची मदत मागायचा विचार असेल, तर तसं चालेल का हे आधी लेखी विचारा.

आणि कृपा करून ‘नोंदणी फी’ कुणाला देऊ नका. ‘चार्जिंग स्टेशनची डीलरशिप, सबसिडी मंजूर करून देतो, पंचवीस हजार भरा’ असे फोन येतात. लोकांच्या कष्टाचे पैसे यात गेलेत. सरकारी पोर्टलचा पत्ता साधारणपणे ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ने संपतो, आणि अनुदानासाठी कुठलीही सरकारी यंत्रणा खासगी माणसाच्या यूपीआयवर पैसे मागत नाही.

मशीन

महामार्गावर मोटारींसाठी सीसीएस-२ गनचा (गाडीला लावायच्या प्लगचा) डीसी, म्हणजे वेगवान चार्जर हवा. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारी त्यावरच वेगाने चार्ज होतात. दोन गनचा ६० किलोवॉटचा चार्जर घेतला, तर दोन गाड्या लागल्यावर वीज दोघांत वाटली जाते हे ग्राहकाला फलकावरच सांगा. मशीन ओसीपीपी (चार्जर आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या संवादाचं खुलं मानक) पाळणारं हवं, नाहीतर पुढे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी बदलता येत नाही. चाचणी प्रमाणपत्र मागून घ्या. चार्जरवर १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे. कोटेशनमध्ये १८ टक्के दिसला तर विचारा. चार्जिंगसाठी ग्राहकाकडून घ्यायच्या पैशांवर मात्र १८ टक्के लागतो. वजावटीचा हिशोब सीएकडून आधीच समजून घ्या.

तालुक्याच्या गावी असाल तर मोटारींचा विचार जरा बाजूला ठेवा. देशात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांत दुचाकी आणि तीनचाकींचा वाटा सर्वांत मोठा. केंद्र सरकारच्या लक्ष्यातल्या ७२,३०० चार्जरपैकी ४८,४०० त्यांच्यासाठीच आहेत. रिक्षा स्टँडजवळचे चार-पाच छोटे चार्जर रोज वापरले जातात, नवा डीपी न बसवता चालू शकतात आणि रिक्षावाल्याचा दुपारचा रिकामा वेळ सौरतासांच्या स्वस्त विजेत बसतो.

कुठलंही मशीन घेण्याआधी हिशोब मांडा. एक मोटार सरासरी २० युनिट घेते असं धरू. युनिटमागे सगळं वजा जाता ५ रुपये राहिले आणि दिवसाला दहा गाड्या आल्या, तर रोजचे हजार, महिन्याचे तीस हजार. दोनच गाड्या आल्या तर महिन्याला सहा हजार. त्यातून इंटरनेट, अॅपचं कमिशन, देखभाल आणि राखणदार. शिवाय मीटरने मोजलेलं आणि गाडीत गेलेलं युनिट सारखं नसतं. रूपांतरात काही वीज उष्णतेत जाते आणि तिचं बिल तुमच्यावर पडतं. कोकणात तर गणपतीत रांगा आणि इतर आठवड्यांत शुकशुकाट असंही होतं. सणाच्या गर्दीवरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

कागद, काम आणि सुरुवात

फाइलमध्ये हे असू द्या: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जागा दुसऱ्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि ना-हरकत, पॅन, आधार, जीएसटी नोंदणी, जागेचा आराखडा, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, मशीनचं कोटेशन आणि चाचणी प्रमाणपत्र. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न तहसील कार्यालयात आधी सोडवा. महामार्गावरून गाडी आत वळवायची असेल तर रस्ता ज्या खात्याचा, त्याची प्रवेशाची परवानगी लागते. यात बराच वेळ जातो, म्हणून वीजजोडणीच्या अर्जासोबतच हाही अर्ज टाका.

काम सुरू झाल्यावर प्रत्येक बिल जीएसटी क्रमांकासह घ्या आणि पैसे बँकेतून द्या. रोखीत दिलेला खर्च अनुदानासाठी दाखवता येत नाही असंच समजून चाला. जमिनीत जाणाऱ्या केबलचे, अर्थिंगच्या खड्ड्यांचे फोटो बुजवण्याआधी काढा. नंतर तपासणीला कुणी आलं तर खणून दाखवावं लागत नाही. चौथरा पुराच्या पाण्याच्या वर हवा, वर छत हवं, विजांपासून बचावाचं सर्ज उपकरण हवं. विद्युत निरीक्षकाची तपासणी नियमानुसार लागू असेल तिथे ती झाल्याशिवाय मशीन सुरू करू नका. केंद्र सुरू झालं की ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ‘ईव्ही यात्रा’ पोर्टलवर त्याची नोंद होईल हे बघा. प्रवासी तिथे केंद्र शोधतात.

सोसायट्यांसाठी

सोसायटीचा चार्जर फक्त रहिवाशांसाठी असेल तर तो सार्वजनिक ठरत नाही, त्यामुळे वरची केंद्रीय मदत त्याला धरू नका. पण दुसरा उपाय आहे. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सोयींसाठी छतावरच्या सौर पॅनेलवर किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात आणि या सामायिक सोयींत गाड्यांचं चार्जिंगही मोजलं जातं. सर्वसाधारण सभेचा ठराव करून, चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेऊन आणि प्रत्येक सभासदाचा वापर मोजून पैसे घेतले, तर लिफ्टच्या बिलावरून होणारे वाद टळतात.

देखभालीचा करार

मशीनच्या कोटेशनसोबतच देखभालीचा करार मागा आणि त्यात बिघाड झाल्यापासून किती तासांत माणूस येईल हे आकड्यात लिहून घ्या. ‘लवकरात लवकर’ हा शब्द करारात नको. जवळचं सेवा केंद्र कुठे, गन आणि पॉवर मॉड्यूल सुटे मिळतात का, सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क किती, हे पैसे देण्याआधी विचारा. त्याच कंपनीचं मशीन आधीच वापरणाऱ्या एखाद्या केंद्रावर स्वतः जा, तिथे चार्जिंगला थांबलेल्या दोन-तीन चालकांशी बोला आणि मालकाला विचारा की गेल्या महिन्यात मशीन किती दिवस बंद होतं.